मशिदीच्या भिंतीची मोजणी

मी मुसलमान होणार असल्याची बातमी गावात फुटली तेव्हा प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "पोरगी कुणाची हाय?"

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, बायको वारून नऊ वर्षं झालेली, आणि उन्हातान्हात शेतं मोजून रंग तव्यासारखा झालेला. माझ्याकडे बघून हा प्रश्न सुचायला कल्पनाशक्ती फार दांडगी लागते. पोरगी नाही म्हटल्यावर लोक म्हणाले, कुणीतरी करणी केली असणार. करणीही नाही म्हटल्यावर म्हणाले, याला काहीतरी मिळणार असेल. या माणसाला एखादी गोष्ट खरी वाटली आणि म्हणून तो ती मानायला निघालाय, असं एकाच्याही मनात आलं नाही. मला खरा राग आला तो त्याचा.

मी सूर्यभान. श्रीगोंद्याच्या कचेरीत मोजणीदार होतो. काष्टीच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव, तिथे मी आणि माझी आई भामाबाई राहायचो. मोजणीदाराचं काम माणसाला संशयी करून सोडतं. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू देवाची शपथ घेऊन सांगतात की दगड इथेच होता, आणि मोजणीची साखळी टाकली की दोघेही खोटे निघतात. अठरा वर्षं मी हे बघत होतो. मोजणी आपल्या बाजूने लागावी म्हणून कुणी खंडोबाला बोकड कबूल केलेला असायचा, कुणी पीराला चादर. त्यात हिंदू-मुसलमान असा काही भेद नव्हता. हळूहळू मी देवळात जायचं सोडलं, मग हात जोडायचंही सोडलं. जे मोजता येत नाही ते नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो.

या बाबतीत माझा जोडीदार म्हणजे आमच्या शाळेचे सहादेव गुरुजी. आम्ही एका वर्गात शिकलो, त्यामुळे लोकांचे गुरुजी असले तरी माझ्यासाठी तो नुसता सहादेव. भूगोल शिकवायचा आणि देवाचं नाव काढलं की चवताळून उठायचा. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही दोघं सगळ्या जगाची झाडाझडती घ्यायचो. तो माझ्यापेक्षा जास्त वाचलेला होता आणि मी त्याच्यापेक्षा जास्त भांडखोर.

बहात्तर साली दुष्काळ पडला आणि आमच्या कचेरीतल्या माणसांना पाझर तलावांच्या कामांवर धाडलं. आमच्या शिवारातल्या तलावाची आखणी माझ्याकडे आली. तिथे खडी फोडायला निजामभाई आतार यायचे. एरवी ते बाजारोबाजार हळद-कुंकू, बुक्का आणि अत्तराच्या बाटल्या विकायचे. आमच्या भागातल्या निम्म्या सुवासिनींच्या कपाळाचं कुंकू त्यांच्या हातचं. त्या वर्षी बाजारच भरत नव्हते, तेव्हा साठीतला माणूस हातोडी घेऊन खडीवर बसला. गावात मुसलमानांची वीसेक घरं, त्यांत अरबी नीट वाचता येणारे ते एकटेच, म्हणून शुक्रवारची नमाजही तेच पढवायचे.

दुपारच्या सुट्टीत ते तलावाच्या कोरड्या मातीत काठीने एक रेघ ओढायचे आणि तिच्यामागे उभे राहायचे. आणखी सात-आठ जण येऊन रेघेला पाय लावायचे. एकदा आमचा मुकादम, तोही मुसलमान, नमाजेला उशिरा आला. सकाळभर याच माणसांवर तो खेकसत होता. रांगेत शेवटी एक दगड फोडणारा पोरगेला गडी उभा होता, मुकादम गुपचूप त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. कुणी त्याला पुढे बोलावलं नाही, कुणी जागा करून दिली नाही. मी टेबलावरचा नकाशा सोडून बघत राहिलो, कारण इतक्या वर्षांत इतकी सरळ रेघ मी माणसांची पाहिली नव्हती.

मग मी निजामभाईंशी वाद घालायला लागलो. मला वाद घालता येतो, मैत्री मागाहून जमते. पहिल्याच दिवशी विचारलं, "अल्ला आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?"

ते हातोडी खाली ठेवून म्हणाले, "सायेब, तुमी मोजनी कुठनं सुरू करता?"

"शिवेच्या दगडापासून."

"आन तो दगड बरोबर जागेवर हाय, हे कशावरनं?"

"तो दुसऱ्या दगडावरून मोजलेला असतो."

"आन दुसरा?"

मी तिसऱ्याचं नाव घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. शेवटी कुठेतरी एक दगड असा असतोच, जो कुणीतरी 'हा इथे' म्हणून धरलेला असतो. तो धरल्याशिवाय साखळी उलगडताच येत नाही. निजामभाईंनी पुढे काही ताणलं नाही, परत खडी फोडायला लागले. मी मात्र आठवडाभर चिडचिडा होतो.

यावरून देव सिद्ध होतो, असं मला मुळीच वाटलं नाही. एवढंच कळलं की मोजायच्या आधी मीही काहीतरी मानतो. पण मोजणीत धरलेला दगड आंधळेपणाने धरत नाहीत. तिथून निघून सगळ्या खुंट्या फिरून परत तिथेच यायचं, आणि रेघ जुळली तर दगड खरा. मी ठरवलं, हेही असंच फिरून बघायचं. त्या वर्षभरात मी निजामभाईंना किती छळलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. एक देव कशाला, त्याला निरोप्या कशाला, नमाजेला वेळेचं बंधन कशाला, जगात दुष्काळ कशाला. काही प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर होतं. काहींना ते सरळ सांगायचे, "मला ठावं न्हाई." दुष्काळाच्या प्रश्नाला त्यांनी हेच उत्तर दिलं आणि मला ते सगळ्यात जास्त आवडलं.

शेवटी माझी अडलेली गाडी सुटली ती जुन्याच ठिकाणी, माझ्या मोजणीत. कुणी बघत नसलं तरी खरं ते खरंच असतं, हे मी रोजच्या कामात मानत होतो. दोन खोटे शेतकरी आणि एक लाच मागणारा कारकून यांनी मिळून बांध हलवला, तरी बांध जिथे होता तिथेच होता. मग ते बघणारा कुणीतरी आहे, त्याला बोकड देऊन फितवता येत नाही, आणि त्याच्यापुढे मुकादम न् गडी एका रेघेत आहेत, एवढं मानणं मला अक्कल गहाण टाकण्यासारखं वाटेना. उलट अक्कल इतके दिवस जिथे बोट दाखवत होती तिथेच मी आलो होतो. एक दिवस तलावाच्या भरावावर एकटा उभा असताना हे माझ्या लक्षात आलं आणि मला फार आनंद झाला. लहानपणी हरवलेली वस्तू सापडावी तसा आनंद.

आईला सांगितलं तेव्हा ती जोंधळे निवडत होती. तिला वाटलं मी थट्टा करतोय.

"पीराला मलिदा तर मी बी नेती की," ती म्हणाली. "त्येला मुसलमान कशाला व्हाया लागतंय?"

"आई, मी पीराला जाणार नाही. नुसता एकच देव."

तिने सूप खाली ठेवलं. "मंजी पीराला बी न्हाई? मग हे कसलं मुसलमान हुनं?"

त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू न्हानपनापास्नं आसाच. समद्यांनी व्हय म्हनलं की तू न्हाई म्हननार." मी म्हटलं, या वेळी मी होय म्हणतोय. त्यावर तिने ताट वाढलं. रागावलेली आई उपाशी ठेवत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी त्या ताटाकडे बघून मला बरं वाटलं.

निजामभाईंनी शुक्रवार ठरवला. मार्च महिना, त्र्याहत्तर साल. नमाजेच्या आधी चार माणसांसमोर मी साक्ष द्यायची, म्हणजे देव एकच आणि पैगंबर हे त्याचे प्रेषित, असं तोंडाने बोलायचं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी लांबलचक असेल. त्या दोन वाक्यांनी मी जास्तच घाबरलो. लांब कागदावर माणूस न वाचता सही करतो, दोन ओळी मात्र वाचाव्याच लागतात.

ठरल्या शुक्रवारच्या पंधरा दिवस आधी मी मशीद बघायला गेलो. दगडमातीची, वर पत्रा, पुढे फरशीचं छोटं अंगण. पश्चिमेची भिंत म्हणजे मक्केची बाजू, तिच्याकडे तोंड करून सगळे उभे राहणार. खिशात होकायंत्र होतं. मला ते काढल्याशिवाय राहवलं नाही. भिंतीची दिशा बघितली, बरोबर पश्चिम. एक केसाचाही फरक नाही. आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा शिरला, कारण मक्का आमच्या गावाच्या बरोबर पश्चिमेला नाही, थोडी वर उत्तरेला आहे, एवढं मला नकाशावरून आठवत होतं.

घरी येऊन भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवला, पट्टी ठेवली, नगरपासून मक्केपर्यंत रेघ मारली. चार अंशांचा फरक आला. मी रात्रभर तळमळलो असं नाही, मी चांगला झोपलो. पण सकाळी उठून तडक निजामभाईंच्या दारात गेलो आणि म्हणालो, "तुमची भिंत चुकलीय. चार अंश. इतकी वर्षं तुम्ही भलतीकडे तोंड करून उभे राहताय. एवढी साधी गोष्ट कुणी तपासली नसेल तर बाकीचं मी कशाच्या भरवशावर मानू?"

आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते. पाहुण्याने घरात पाऊल टाकायच्या आधी उंबरा वाकडा आहे म्हणून ओरडावं, तसं झालं. पण तेव्हा माझ्यासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. मोजणीदाराची अक्कल घेऊन मला आत जाता येणार असेल तरच मी जाणार होतो. ती बाहेर ठेवून जायचं असेल तर शुक्रवारची ती दोन वाक्यं माझ्या तोंडून खोटी निघाली असती.

निजामभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "चुकली आसंल," ते म्हणाले. "मी इचारतो समद्यांस्नी."

सगळ्यांत जास्त कासमभाई पेटले. ते गावातले सगळ्यात वयस्कर, आणि ती भिंत त्यांच्या आजोबांनी आखलेली. दिवसरात्र सारखे असतात त्या दिवशी सूर्य कुठे बुडतो ते बघून आजोबांनी खुंट्या ठोकल्या होत्या. "माजा आज्जा येडा हुता का?" म्हणून ते मशिदीच्या अंगणात माझ्यावर धावून आले. मी म्हटलं, आजोबांची मोजणी पश्चिमेसाठी अगदी बरोबर आहे, मक्का तिथे नाही एवढंच. त्याने ते आणखी भडकले.

पण तीन दिवसांनी निजामभाई मला बोलवायला आले. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की भिंत तशीच ठेवायची आणि फरशीवर उभं राहायला चुन्याने तिरप्या रेघा मारायच्या. मी होकायंत्र धरलं, दोन पोरांनी दोरी ताणली, आणि त्या जुन्या मशिदीत चार अंश वळवलेल्या रेघा उमटल्या. कासमभाई भिंतीला टेकून तोंड फिरवून बसले होते, पण उठून गेले नाहीत. त्या संध्याकाळी मी घरी आलो तो जवळजवळ तरंगतच. इथे माझं मोजलेलं मानतात, मग मीही यांचं मानू शकतो, असं मला वाटलं.

शुक्रवार तोंडावर आला. बुधवारी शाळा सुटल्यावर सहादेवने मला ओट्यावर गाठलं. माझ्या निर्णयापासून तो माझ्याशी तुटकच वागत होता. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा फुलला होता आणि काखेत शाळेचा पृथ्वीगोल होता.

"रेघा मारून आलास म्हणे मशिदीत," तो म्हणाला. "कशावर मोजल्यास?"

"नकाशावर."

"भिंतीवरच्या? सपाट?"

मी हो म्हटलं. त्याने खिशातून शिवणाचा दोरा काढला, एक टोक गोलावर आपल्या भागावर धरलं, दुसरं मक्केवर, आणि दोरा ताणला. सपाट नकाशावर मारलेल्या माझ्या रेघेपेक्षा तो दोरा निघतानाच वर उत्तरेकडे सरकला. मी कोनमापक लावला. दहा अंश. पुन्हा लावला. दहाच.

"चौथीच्या पोरांना मी पृथ्वी गोल आहे म्हणून शिकवतो," सहादेव म्हणाला, "आणि सरकारचा मोजणीदार सपाट कागदावर पट्टी ठेवतो."

गावाची मोजणी करताना जमीन सपाटच धरतात. एवढ्याशा शिवारात गोलाईचा फरक पडत नाही. अठरा वर्षांची ती सवय हातात इतकी मुरली होती की अरबस्तानही मी शेजारच्या शिवारात धरलं. जे दुसऱ्यांना इतक्या तावातावाने सांगितलं त्यातच मी चुकलो होतो. कासमभाईंच्या आजोबांची चूक दहा अंशांची, माझी सहाची. ते सूर्याकडे बघून चुकले होते, मी होकायंत्र हातात घेऊन.

सहादेवचं हसू उतरलं. मला हरवायचं त्याच्या मनात होतं, पण माझं तोंड बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. "जाऊ दे," तो म्हणाला. "कुणाला कळतंय? मी नाही सांगणार. नाहीतर असं कर, हे सगळं सोडून दे आणि ये परत ओट्यावर."

दोन्ही वाटा सोप्या होत्या, म्हणून दोन्हींचा मला संताप आला. गप्प बसलो तर परवा ज्या रेघेवर उभा राहून मी खरं बोलणार तीच रेघ खोटी. सांगितलं तर त्या माणसांनी आपल्या म्हाताऱ्याला दुखवून माझा शब्द मानला, त्यांना मी काय तोंड दाखवू? आणि उद्या ते म्हणाले की साहेब, तुमच्या अकलेचं एवढंच असेल तर ती घेऊन आमच्याकडे येऊ नका, तर त्यांचं काय चुकलं? मला भीती वाटत होती. मुसलमान होता येणार नाही याची इतकी भीती वाटेल असं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मी निघालो. आई दारात उभी होती. "नीट जा," एवढंच म्हणाली.

मशिदीत वीस-बावीस माणसं होती. निजामभाईंनी मला पुढे बोलावलं. मी म्हणालो, "आधी मला एक सांगायचंय," आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सपाट नकाशा, गोल पृथ्वी, दोरा, दहा अंश. "मी मारलेल्या रेघा चुकीच्या आहेत. कासमभाईंना मी नको ते बोललो. तुम्ही मला आत घेऊ नये असं तुम्हाला वाटत असेल तर मी परत जातो. पण हे पोटात ठेवून मला साक्ष देता येणार नाही."

मग निजामभाई म्हणाले, "सायेब, मी तवाच नगरला जाऊन एका मौलवींना इचारून आल्तो. ते म्हनले, इतक्या लांबच्या मानसानं त्या अंगाला त्वांड केलं मंजी पुरं. थोडं हिकडं-तिकडं झालं तरी नमाज हुती. आमच्या आज्यापंज्याची बी झाली, आमची बी झाली."

मी थक्क झालो. "मग रेघा कशाला मारू दिल्यात?"

"तुमी इचारलं हुतं, भिंत चुकलीय का. चुकली हुतीच. मी खोटं कसं सांगू? चालतंय, म्हनून तुमाला गप बसवलं आसतं, तर तुमी आत आला आसता, पन अर्धंच आला आसता. रेघांची गरज आमाला न्हवती. तुमाला हुती."

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मला वाटत होतं की श्रद्धा असलेली माणसं प्रश्नांना घाबरतात. या माणसाने माझा प्रश्न स्वतःला गरज नसताना वीस माणसांच्या पायाखाली आखून घेतला होता.

मागून काठीचा आवाज आला. कासमभाई उठून पुढे येत होते. मला वाटलं, आता हे मला बाहेर काढणार. ते माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "माज्या उभ्या जन्मात लई मोजनीदार बघितले. एकाची बी मोजनी कधी चुकली न्हाई. माजी दीड गुंठा जिमीन गेली, तरी त्यांची मोजनी बरोबरच." मग ते निजामभाईंकडे वळले. "साक्ष द्यायला ह्येच्यापरास चांगला मानूस कुठनं आननार तू?"

आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "तो गोळा कुठं हाय? मला बघायचाय."

एक पोरगा पळत शाळेत गेला. सहादेव स्वतःच गोल घेऊन आला. दाराशी क्षणभर घुटमळला, मग चपला काढून आत आला. मशिदीच्या फरशीवर पृथ्वी ठेवली आणि वीस माणसं तिच्याभोवती गुडघ्यांवर बसली. सहादेवने दोरा ताणून दाखवला. शिकवायला लागला की तो सगळं विसरतो, तसा तो विसरला.

"ह्येच्यात आपलं गाव कुठं?" कासमभाईंनी विचारलं.

"या टोकाखाली," सहादेव म्हणाला. "पण दिसण्याएवढं मोठं नाही."

कासमभाई बराच वेळ गोल फिरवून बघत राहिले. "एवढं मोठं अल्लानं केलं," ते हळूच म्हणाले, "आन माजा आज्जा दहा अंशानं चुकला." ते हसायला लागले, आणि मग सगळेच हसले. मीसुद्धा.

पोरांनी ओल्या फडक्याने चुना पुसला. दोरीचं एक टोक कासमभाईंनी धरलं, दुसरं जवळच उभ्या सहादेवने धरलं. मी होकायंत्र लावलं आणि आधीच सांगून ठेवलं, "यातही अर्धा-एक अंश चूक असू शकेल."

"मग कळंल तवा परत मारू," कासमभाई म्हणाले. "चुना काय, कुठं बी मिळतो."

रेघा मारून झाल्यावर सहादेव गोल उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी निजामभाईंसमोर उभा राहिलो. ते एकेक शब्द सांगत गेले आणि मी एकेक शब्द समजून, तपासून, त्यांच्यामागून म्हणत गेलो. दुसऱ्या वाक्यात माझा आवाज फुटला, तेव्हा ते थांबले आणि मी सावरेपर्यंत वाट बघत राहिले. नंतर आम्ही ओल्या चुन्याच्या रेघेवर उभे राहिलो. माझ्या एका खांद्याला कासमभाईंचा खांदा लागला, दुसऱ्याला खडी फोडणाऱ्या एका गड्याचा. कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा मी अगदी निवांत होतो. डोकं नेहमीसारखंच चालू होतं, आणि ते माझ्याविरुद्ध चाललेलं नव्हतं.

बाहेर आलो तर सहादेव अजून तिथेच होता, मांडीवर पृथ्वी घेऊन.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"मला अजून काही पटलेलं नाही," तो म्हणाला. मी आता त्याच्यावर काहीतरी लादणार, अशी धास्ती त्याच्या आवाजात होती.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. "पटल्याशिवाय मानू नकोस," मी म्हटलं. "मीसुद्धा मानलं नाही."